घोट्यापर्यंतचा स्वेटर

काटेसाहेबांनी आयुष्यात अकरा स्वेटर विणले होते आणि अकराही स्वेटर एकच होते. रंग वेगळे, मापं वेगळी, अंगात घालणारी माणसं वेगळी, पण नमुना तोच. कुठल्याशा जुन्या मासिकातलं एक पान त्यांनी चारी बाजूंनी नीट कापून, प्लॅस्टिकमध्ये बंद करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. गोल गळा, पूर्ण बाही, खाली तीन बोटं पट्टी. त्या पानाबाहेरचा एक टाका त्यांनी कधी घातला नव्हता. मेहुण्याने एकदा व्ही गळा करून द्या म्हणून फार गळ घातली, तेव्हा त्यांनी त्याला कपाटापाशी नेलं आणि ह्यात व्ही कुठे लिहिलाय ते दाखव म्हणाले. मेहुणा अजून गोल गळ्यातच हिंडतो.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासायचे, बरोबर असला तर शिक्का मारायचा, नसला तर सील ठोकायचं, हे काम त्यांनी सत्तावीस वर्षं केलं होतं, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना काटेसाहेब म्हणे. माणूस बावनकशी, पण घरात वावरायला अवघड. ‘थोडंसं’ हा शब्द ऐकला की ते बेचैन होत. थोडंसं म्हणजे किती, असं त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात चहात दूध घालणाऱ्या बायकोला विचारलं होतं, आणि तेव्हा जे ऐकून घेतलं ते त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही. बायको दवाखान्यात नर्स होती. रोज दहा जणांना सुया टोचणाऱ्या बाईशी वाद घालू नये एवढं शहाणपण त्यांना त्या आठवड्यात आलं.

ह्या जोडप्याला एक लेक होती. सोळा वर्षांची. तेराव्या वर्षापर्यंत ती चारचौघींसारखी वाढत होती. मग एका वर्षात तिने आईला मागे टाकलं, वर्गशिक्षिकेला मागे टाकलं आणि वर्गाच्या फोटोत तिला मुलांच्याही मागच्या रांगेत उभं करू लागले. वर्गात कुणीतरी तिला ‘टॉवर’ म्हटलं. झालं, तेव्हापासून पोरगी वाकून चालायला लागली. खांदे पुढे, मान खाली, गुडघ्यात किंचित दुमडलेली. बायको दिवसातून दहा वेळा तिला ताठ उभी राहा म्हणे आणि दर वेळी ती आणखी थोडी वाकत असे. हे थोडंसं म्हणजे किती, ते मात्र काटेसाहेबांनी कधी विचारलं नाही, कारण त्यांना ते बघवत नसे.

पण आवाज असा होता तिचा की बस. घरात बसून पेपर वाचून दाखवायला लागली तर वरच्या मजल्यावरची भांडी घासायची थांबत. शाळेच्या पन्नासाव्या वर्षाचा मोठा समारंभ होता आणि त्याचं सूत्रसंचालन भाषेच्या बाईंनी तिच्याकडे दिलं होतं. ती हरखून हो म्हणून आली. मग तिच्या लक्षात आलं, की सूत्रसंचालन म्हणजे दोन तास, सहाशे लोकांसमोर, एकटीने, मधोमध उभं राहायचं. आणि तेही चांगले कपडे घालून.

कपड्यांच्या दुकानांची गोष्ट थोडक्यात सांगितलेली बरी. चार दुकानं झाली. कुठे बाही कोपरापाशी संपे, कुठे पायघोळ म्हणून दिलेला ड्रेस पोटऱ्यांवर थांबे. पाचव्या दुकानातल्या विक्रेतीने तिला खालपासून वरपर्यंत निरखलं, त्याला जरा वेळच लागला, आणि ह्या उंचीचं आमच्याकडे काही नाही, पुरुषांच्या विभागात बघा असं सुचवलं. बाई चांगल्या मनाने म्हणाल्या असतील. रात्री जेवताना लेक म्हणाली, की मी उद्या बाईंना नाही म्हणून सांगणार आहे. अंगात तिच्या काटेसाहेबांनी विणलेला अकरावा स्वेटर होता, गर्द निळा, बाह्या मनगटापर्यंत पोचणारा तिचा घरातला एकमेव कपडा. त्याची पट्टी चिमटीत धरून ती म्हणाली, “हाच घोट्यापर्यंत असता ना, तर गेले असते.”

आता हे बोलणं म्हणजे नुसतं बोलणं होतं. कुठल्याही बापाने ऐकून सोडून दिलं असतं. पण काटेसाहेबांनी गेले आठ दिवस बाथरूमच्या बंद दाराआडून एक आवाज ऐकला होता. नळ सोडून, त्याच्या आवाजाच्या वर आवाज चढवून, ‘सर्व मान्यवरांचं मनापासून स्वागत’ असं पोरगी आरशाला सांगत होती. पाणी वाया जातंय म्हणून दार ठोठावायला ते गेले होते आणि हात खाली घेऊन परत आले होते. त्यांनी चमचा ताटात ठेवला.

“समारंभाला किती दिवस आहेत?”

“पाच आठवडे.”

“बाईंना नाही म्हणू नकोस,” असं म्हणून ते उठले आणि त्यांनी कपाट उघडलं.

दुसऱ्या दिवशी ही बातमी गल्लीत फुटली. ती फुटणारच होती, कारण ड्रेसच्या नमुन्याबद्दल विचारायला काटेसाहेब स्वतःच शेजारच्या मावशींकडे गेले होते. मावशींचं विणकाम म्हणजे सैल हात आणि मोठं मन. त्यांच्या मोज्यांत पाय आणि टोपीत डोकं कधी सापडलं नाही. त्यांनी सांगितलं, की नमुना वगैरे काही लागत नाही, डोळे मिटून विणत जायचं, ड्रेस आपोआप होतो. काटेसाहेबांनी नम्रपणे आभार मानले. समोरच्या चौकातल्या टेलरमास्तरांचं मत अगदी उलट होतं. मास्तरांनी आयुष्यात सुईवर विणलेला एक टाका घातला नव्हता, पण कापड ह्या विषयात त्यांना विचारल्याशिवाय पुढे गेलेल्या माणसाचं भलं होत नाही अशी त्यांची श्रद्धा होती. ते म्हणाले, बॉडी वेगळी, घेर वेगळा, मध्ये जोड, आणि मुख्य म्हणजे अस्तर. लोकरीला अस्तर? असं काटेसाहेबांनी विचारलं तेव्हा मास्तरांनी त्यांच्याकडे करुणेने बघितलं. ऑफिसात तर कहरच झाला. तिथे विणकामाचा गंध नसलेल्या सात उंटावरच्या शहाण्यांनी डबे खाता खाता ड्रेसचे सात प्रकार सुचवले आणि त्यांतल्या दोघांचं त्यावरून भांडण होऊन बोलणं बंद झालं.

शेवटी काटेसाहेबांनी आलेखाचा कागद घेतला. पानावर लिहिलेला स्वेटर हा कायदा आहे आणि ड्रेस ही त्या कायद्यातली दुरुस्ती आहे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली, तेव्हा कुठे पेन्सिल चालली. पट्टीपासून सुरुवात पानात आहे तशीच, खालून वर. फक्त छातीपर्यंत पोचायला जास्त ओळी. खाली घेरासाठी टाके जास्त, वर जाताना दर चौदाव्या ओळीला दोन टाके कमी. बाही, गळा, सगळं जसंच्या तसं. बायकोने चष्मा वर करून कागद बघितला आणि पुलाचा नकाशा आहे का असं विचारलं.

मग माप. लेकीला भिंतीपाशी उभं केलं आणि ऑफिसातली पोलादी पट्टी लावली, कारण शिंप्याच्या टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. लेक नेहमीसारखी खांदे पाडून उभी होती. बायको स्वयंपाकघरातून ताठ उभी राहा म्हणून ओरडली. काटेसाहेब म्हणाले, असू दे. आहे तसं नोंदवायचं, असायला हवं तसं नाही, हा खात्याचा नियम आहे. खांद्यापासून घोट्यापर्यंतचा आकडा त्यांनी मिलिमीटरमध्ये लिहिला आणि खाली सही केली.

पहिले अडीच आठवडे काम झोकात चाललं. सकाळी चहाबरोबर सोळा ओळी, दुपारी डब्यानंतर आठ, संध्याकाळी बातम्या संपेपर्यंत तीस. निळा ड्रेस त्यांच्या मांडीवरून खाली उतरला, मग जमिनीवर पसरला, मग त्यांना पाय ठेवायला जागा उरली नाही. लेक शाळेतून आली की आधी दप्तर ठेवून ओळी मोजून बघायची. बाथरूममधला आवाज नळ बंद ठेवूनही ऐकू येऊ लागला.

आणि छातीपाशी लोकर संपली.

हिशेब चुकला होता. लांबी तिप्पट म्हणून लोकर तिप्पट, असं धरताना घेर लक्षात घ्यायचा राहिला होता. ह्यात लाजण्यासारखं काही नाही, पण काटेसाहेब दिवसभर लाजले. लोकर त्याच रंगवणीची, म्हणजे त्याच वेळी रंगवलेली, हवी, नाहीतर छातीवर आडवी रेघ दिसते. त्या रंगवणीची लोकर ज्या एका दुकानात होती, त्या दुकानाचा वजनकाटा किलोमागे आठ ग्रॅम खातो असं चारच दिवसांपूर्वी तपासणीत आढळलं होतं आणि त्याला सील ठोकणारा निरीक्षक दुसरा तिसरा कुणी नसून ते स्वतः होते.

लोकरवाला त्यांना बघून उभा राहिला. लोकर आहे का? आहे की. द्या. लोकरवाल्याने हात जोडले आणि टेबलावरच्या काट्याकडे, त्याच्यावरच्या तारेकडे आणि तारेवरच्या लाखेच्या शिक्क्याकडे बोट दाखवलं. “साहेब, लोकर वजनावर विकतो मी. वजन न करता विकली तर तुम्हीच केस करणार.”

कायद्याच्या दृष्टीने माणूस शंभर टक्के बरोबर होता. काटेसाहेबांना त्याचं कौतुकही वाटलं आणि गळा दाबावासाही वाटला. लोकरवाल्यालाच मग दया आली. मुलीच्या कामाला पाहिजे ना, अशीच न्या, काटा सुटला की बघू, असं तो हळूच म्हणाला. लडी त्याने काढूनही ठेवल्या. काटेसाहेब त्या निळ्या लडींकडे बराच वेळ बघत राहिले. मग नको म्हणाले आणि दुकानाबाहेर पडले, आणि घरी येऊन त्यांनी ही गोष्ट अभिमानाने सांगितली, ही त्यांची त्या दिवसातली दुसरी चूक.

“सत्तावीस वर्षांत तुमचं तत्त्व कुठे अडलं नाही,” बायको म्हणाली, “ते नेमकं मुलीच्या गळ्याशी येऊन अडलं.”

लेक राहू दे बाबा, एवढंच म्हणाली आणि आत गेली. ते जास्त लागलं.

काटा सोडवायचा तर त्याची दुरुस्ती, मग अर्ज, मग फेरतपासणी आणि मग शिक्का. दुरुस्ती दोन दिवसांत झाली. पण फेरतपासणी करायची कुणी? त्या भागाचे निरीक्षक काटेसाहेबच. त्यांनी वरिष्ठांना रीतसर टिपण लिहिलं, की सदर दुकानात माझे वैयक्तिक हितसंबंध (गर्द निळी लोकर, पाचशे ग्रॅम) निर्माण झाल्याने तपासणीसाठी अन्य निरीक्षक नेमावा. असं टिपण खात्याच्या इतिहासात पहिलंच असावं. वरिष्ठांनी ते तीनदा वाचलं, त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला आणि ते रजेवर गेले. त्यांच्या जागी आलेल्यांनी चर्चा कुणाशी करावी असा उलट शेरा मारला. शेजारच्या भागाचे निरीक्षक यायला तयार होते, पण लेखी आदेशाशिवाय पाऊल उचलायचं नाही असं त्यांना खुद्द काटेसाहेबांनीच नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. आवक खिडकीवरच्या कारकून बाई रोज त्यांच्याबरोबर चहा पीत असत. त्यांनी खिडकीतून त्यांना ओळख न दाखवता अर्ज दोन प्रतींत आणायला सांगितलं. ज्या खिडकीसमोर आजवर दुकानदार ताटकळत, तिथे काटेसाहेब दोन प्रती घेऊन सव्वा तास उभे राहिले. पुढच्या दोन दुकानदारांनी वळून वळून त्यांच्याकडे बघितलं आणि एकाने बसायला स्टूल देऊ का विचारलं.

नऊ दिवसांनी लेखी आदेश निघाला, शेजारच्या भागाच्या निरीक्षकांनी शिक्का मारला आणि काटा सुटला. पाचशे ग्रॅम लोकर काट्यावर चढली, आकडा बरोबर आला, आणि काटेसाहेबांनी पावती घेतली.

मग त्यांनी रजा टाकली आणि विणत सुटले. मावशी दोनदा येऊन थोडं मी विणते म्हणाल्या, तेव्हा त्यांनी मांडीवरचं काम लहान मुलासारखं छातीशी धरलं. समारंभाच्या चार दिवस आधी शेवटचा टाका बंद झाला. ड्रेस जेवणाच्या टेबलावर पसरला, पोलादी पट्टी लावली. खांदा ते घोटा, एका मिलिमीटरचाही फरक नाही. काटेसाहेबांनी बायकोला हाक मारली, लेकीला हाक मारली, मावशींनाही हाक मारली. सगळ्यांनी आकडा बघितला. मग ड्रेस त्यांनी कपाटाच्या दाराला हँगरवर लावला आणि त्या रात्री पाच आठवड्यांत प्रथमच ते गाढ झोपले.

सकाळी ड्रेस चार बोटं वाढला होता.

पहिला संशय पोलादी पट्टीवर. ती खात्याच्या प्रमाण मापाशी ताडून पाहिली. पट्टी निर्दोष होती. दुसरा संशय मावशींवर, त्यांनी हळूच चार ओळी घातल्या की काय, पण टाके सगळे घट्ट होते, म्हणजे हात स्वतःचाच. संध्याकाळी सात बोटं झाली. हा वाढत कसा चाललाय, असं ते स्वतःशीच पुटपुटत असताना बायको दवाखान्यातून आली. तिने पर्स ठेवली, ड्रेस हँगरवरून काढला, हातात तोलून पाहिला आणि भाजीच्या वजनकाट्यावर ठेवला. दीड किलो.

“अहो, वजनमापे खात्यात ना तुम्ही? माप घेतलंत. वजन कोणी बघायचं?”

काटेसाहेब मटकन खुर्चीत बसले. टेबलावर आडव्या पडलेल्या कापडाला वजन नसतं. हँगरवर, किंवा मुलीच्या खांद्यावर, ते दीड किलो प्रत्येक टाक्याला खाली ओढणार, हे दुकानातल्या नवशिक्या पोऱ्यालाही कळलं असतं. सत्तावीस वर्षं. किती हजार काटे. त्यांना वाटलं, आपल्यालाच तार गुंडाळून सील ठोकावं.

खालून उसवून कमी करावा, तर पानात दिल्याप्रमाणे सुरुवातच खालून केलेली, आणि खालून विणलेलं वरूनच उसवतं. म्हणजे आधी गळा, मग बाह्या, मग सगळाच. टेलरमास्तर कात्री घेऊन आले आणि सात बोटं सरळ छाटू म्हणाले. कात्री लागली तर सगळे टाके सुटतील हे त्यांना समजावता समजावता अर्धा तास गेला आणि कात्री हातातून काढून घ्यायला आणखी दहा मिनिटं. मावशींनी खात्रीचा उपाय सांगितला, की लोकर धुतली की आटते. बायको कामावर गेलेली. काटेसाहेबांनी ड्रेस बादलीत बुचकळला, पिळला आणि गॅलरीच्या बाहेरच्या दोरीवर टाकला. ओल्या लोकरीचं वजन कोरड्याच्या दुप्पट होतं, हा विचार त्यांच्या मनात यायच्या आधीच खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर हाक मारून कळवलं, की तुमचा ड्रेस आमच्या गॅलरीत आलाय.

बायको घरी आली तेव्हा ते दोरीपाशी दोन्ही हातांनी ड्रेस उचलून धरून उभे होते. किती वेळ उभे होते ते त्यांनी सांगितलं नाही. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिने मात्र पलंगावर जुने टॉवेल पसरले, त्यावर ड्रेस आडवा निजवला, कडेकडेने थोपटत थोपटत आत घेतला, आणि अंगात ताप असलेल्या माणसाजवळून उठावं तसं हळूच उठली. दोन दिवस दोघं खाली सतरंजीवर झोपली. ड्रेस बराचसा आत आला. पण पाच बोटं जास्त राहिला तो राहिलाच.

समारंभाच्या दुपारी लेकीने तो अंगात घातला. रंग तिला इतका खुलत होता की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाह्या मनगटापर्यंत, गळा बेताचा, घेर सुंदर, आणि खालची पट्टी जमिनीवर. तिने एक पाऊल टाकलं आणि स्वतःच्याच ड्रेसवर पाय पडून ती भिंतीला टेकली.

काटेसाहेब तिच्यासमोर उभे राहिले. “माझं चुकलं,” ते म्हणाले. “वजन धरायचं राहिलं. तुला नसेल जायचं तर मी स्वतः बाईंना भेटून सांगतो.” सत्तावीस वर्षांत त्यांनी दुकानदारांच्या कितीतरी कबुल्या लिहून घेतल्या होत्या, पण स्वतः दिली नव्हती.

लेकीने त्यांच्याकडे बघितलं, खाली पट्टीकडे बघितलं. “पाच आठवडे विणलाय तुम्ही,” ती म्हणाली. “टाचून द्या.”

टेलरमास्तरांनी, कात्री घरी ठेवून येण्याच्या अटीवर, खालचा भाग दुमडून कच्चे टाके घालून दिले. दुमड जाड झाली, जड झाली, पण जमीन सुटली. चौघं रिक्षात कोंबून बसले. मास्तर का आले ते कुणालाच कळलं नाही.

शाळेच्या रंगमंचामागे एक अरुंद जिना होता. लेक वर चढली तेव्हा पाचव्या पायरीवर तट् असा आवाज झाला आणि दीड किलोच्या ओढीने मास्तरांचे कच्चे टाके या टोकापासून त्या टोकापर्यंत सुटले. काटेसाहेब सुईदोरा घेऊन तिच्या पायाशी बसले. दोरा ओवेना. भाषेच्या बाई आल्या, घड्याळ दाखवून गेल्या. बाहेर सहाशे माणसांची कुजबुज थांबली, पडदा सरकायला लागला. चार टाके झाले होते. त्यांनी मान वर करून लेकीकडे बघितलं आणि त्यांना दिसलं, की ती नाही म्हणायच्या बेतात आहे. ओठ हलले होते. मग बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती गेली.

विंगेतून त्यांना ती बाजूने दिसत होती. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, खांदे पुढे, मान खाली, आणि तिसऱ्या पावलाला पट्टी पायाखाली आली. ती अडखळली. सभागृहात मागून कुणीतरी हसलं. काटेसाहेबांनी डोळे मिटून घेतले आणि लगेच उघडले, कारण मिटलेल्या डोळ्यांनी त्यांना जास्त भयंकर दिसत होतं.

लेक थांबली होती. तिने खाली बघितलं. मग तिने खांदे मागे घेतले. गुडघे सरळ झाले. मान वर आली. आणि ती वर येता येता तिच्याबरोबर सगळा निळा ड्रेस जमिनीवरून उचलला गेला, एक बोट, दोन बोटं, तीन, आणि पट्टी घोट्यापाशी येऊन थांबली, पोलादी पट्टीने आखल्यासारखी. काटेसाहेबांनी तिचं माप वाकलेलीचं घेतलं होतं. वाकलेल्या मुलीला तो ड्रेस पाच बोटं लांब होता. ताठ उभ्या राहिलेल्या मुलीचा तो अगदी बरोबर होता.

ती मधोमध गेली. माइक कुण्या बुटक्या माणसासाठी लावलेला होता, तिच्या छातीशी येत होता. ती त्याच्याकडे झुकली आणि लगेच परत सरळ झाली, कारण पट्टी पुन्हा पायाशी आली असणार. मग तिने हात लावून माइकचा स्क्रू सैल केला, दांडा वर ओढला, आणखी वर ओढला, तोंडापाशी आणून घट्ट केला. ते व्हायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ सहाशे माणसं तिच्याकडे बघत थांबली आणि ती त्यांच्यासमोर उभी राहिली. “सर्व मान्यवरांचं,” ती म्हणाली, “मनापासून स्वागत.” मागच्या बाजूला हसणारा जो कोण होता तो पुन्हा हसला नाही.

काटेसाहेबांचा जीव भांड्यात पडला. ते विंगेतच, कुणाच्या तरी ढोलकावर बसले. हातातल्या सुईत तुटका दोरा अजून लोंबत होता. दोन तासांत काय काय झालं ते त्यांना नंतर सांगता आलं नाही, कारण ते फक्त पट्टीकडे बघत होते आणि पट्टी एकदाही जमिनीला टेकली नाही. मास्तर मागून येऊन अस्तर असतं तर आणखी बरं झालं असतं असं म्हणाले, ते त्यांना ऐकूच गेलं नाही.

कार्यक्रम संपला तेव्हा लेक आत आली. दोन शिक्षिका तिला काहीतरी सांगत होत्या, आई गर्दीतून वाट काढत येत होती. लेक सरळ बापासमोर येऊन उभी राहिली. ढोलकावरून उठल्यावर काटेसाहेबांच्या लक्षात आलं, की तिच्या डोळ्यांत बघायला आपल्याला मान वर करावी लागतेय. हे कधी झालं, ते त्यांच्या कुठल्याच नोंदीत नव्हतं.

“घरी गेल्यावर दे,” ते म्हणाले. “वरून उसवून घेतो. पाच बोटं कमी करायला आठवडा पुरे होईल.”

“हात लावू नका बाबा,” लेक म्हणाली. “वाकले की पायात येतो. असाच राहू दे.”

त्यांनी सुई शर्टाच्या खिशाला टोचून ठेवली आणि घर येईपर्यंत ते तिच्या मागून चालत राहिले.